आंदर मावळात कॅप कशानं बसवावी?

खांडी, सावळा किंवा कुसूरच्या माणसाची दाताची कॅप निघाली, तर ती पुन्हा बसवायला त्याला वडेश्वर, टाकवे मागं टाकून कान्हे फाटा गाठावा लागतो आणि तिथून पुढं कामशेत किंवा तळेगाव. लावणीच्या दिवसांत ही खेप म्हणजे बुडालेला रोज. म्हणून ‘डॉक्टर, सगळ्यांत पक्कं सिमेंट लावा’ ही मागणी रास्तच वाटते. आज सगळ्यांत पक्कं म्हणजे रेझिन. तरीही ते सरसकट लावावं, असं आम्हांला वाटत नाही.

जुनं झिंक फॉस्फेट एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. ते दाताला चिकटत नाही. कॅप आणि दात यांच्यातली बारीक फट भरून काढतं, एवढंच. खरी पकड घासलेल्या दाताच्या भिंतींची असते. दाढेचा घासून उरलेला खुंट चारेक मिलिमीटर उंच आणि भिंती जवळजवळ समांतर असतील, तर या सिमेंटवर बसवलेल्या कॅप वर्षानुवर्षं टिकतात. सुरुवातीला ते बरंच आम्लधर्मी असल्यामुळे जिवंत दात ठणकू शकतो. शिवाय ते थंड काचेवर थोडं थोडं कालवावं लागतं, आणि मावळातल्या जुलैच्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या काचेवर लगेच दव धरतं. ते पाणी मिश्रणात गेलं की सिमेंट लवकर आळतं आणि कॅप पुरती खाली बसण्याआधीच घट्ट होऊ लागतं. पुस्तकात ही एका ओळीची सूचना असते. इथं ती चार महिन्यांची अडचण आहे.

१९६८ मध्ये डेनिस स्मिथ यांनी पुढं आणलेलं पॉलिकार्बोक्सिलेट दाताला चिकटतं आणि सौम्यही आहे, पण दाबाखाली नमतं. लांब ब्रिजसाठी ते नको.

विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये मांडलेलं ग्लास आयोनोमर, म्हणजे दवाखान्यातलं जीआयसी, दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं. त्याला वेगळं बाँडिंग लागत नाही, लाइट लागत नाही. ते फ्लोराइड सोडतं हे खरं. पण त्यामुळे कॅपखाली कीड लागत नाही, असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही. पहिली काही मिनिटं लाळ लागली तर त्याची कड कमकुवत होते.

रेझिनची बाजूही हलकी नाही. ते तोंडात फारसं विरघळत नाही. विरघळणारं सिमेंट ब्रिजच्या एका टोकाला झिजून गेलं तरी दुसरं टोक धरून ठेवतं, ब्रिज पडत नाही आणि आत कीड शिरते. दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणाऱ्याला हा धोका जास्त. इथं रेझिन उजवं ठरतं, पण दात कोरडा राहिला तरच. मिश्री लावून सुजलेल्या हिरड्यांतून रक्त येत असेल, तर रेझिनचा बंध कागदावरच राहतो. तात्पुरत्या सिमेंटमधलं युजेनॉल दातावर उरलं तरी रेझिन नीट घट्ट होत नाही. हिरडीखाली राहिलेला रेझिनचा कण पुढं सूज आणतो. आणि आतला दात दुखू लागून कॅप काढायची वेळ आली, तर ती बहुधा कापूनच काढावी लागते, म्हणजे नव्या कॅपचा खर्च आलाच.

खुंट चांगला असेल आणि कॅप धातूची किंवा धातूवर सिरॅमिक चढवलेली असेल, तर आमचा कौल जीआयसीला. खुंट बुटका असेल किंवा कॅप पातळ सिरॅमिकची असेल, तर रेझिन हवंच. मात्र आधी हिरड्या बऱ्या करून, घाई न करता. दोन्हींच्या मधलं, रेझिन मिसळलेलं जीआयसी सोयीचं आहे, पण ते पाणी शोषून फुगतं, म्हणून नाजूक सिरॅमिकखाली टाळलेलं बरं. आणि भिंती उताराच्या घासल्या असतील, तर तो दोष सिमेंटच्या माथी मारू नये.

एक गोष्ट मात्र फुकटात होण्यासारखी आहे: रुग्णाच्या कार्डावर सिमेंटचं नाव आणि तारीख लिहून देणं. पुढच्या वेळी तो दुसऱ्याच दवाखान्यात गेला, तर तिथल्या डॉक्टरला कॅप ठोकून सुटेल की कापावी लागेल, याचा अंदाज हत्यार हातात घेण्याआधीच येईल.