सदरा धन्याचा, टोपी कुणाची?

घोड्यांच्या शर्यतींवर लिहितो आहे असे घरात सांगताच पहिला आक्षेप स्वयंपाकघरातून आला. दिवाळी अंक बायकामुलांच्या हाती पडतो, त्यात जुगाराचे काय काम? आक्षेप रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, मी शर्यतींचा शौकीन नव्हे. आजवर माझा एक रुपयाही घोड्याच्या टापांखाली गेलेला नाही. कोणता घोडा लावावा हे ज्यांना हवे असेल, त्यांनी खुशाल पान उलटावे. मला भांडायचे आहे ते घोड्यावर बसणाऱ्या माणसाच्या अंगावरच्या कपड्यांविषयी.

आणि भांडणाला मुहूर्तही हाच बरा. दिवाळीच्या आगेमागे पुण्याचा पावसाळी मोसम आटोपतो, घोडे मुंबईला येतात आणि १८८३ सालापासून घोडे पळवणाऱ्या महालक्ष्मीच्या मैदानावर पुन्हा रंग दिसू लागतात. हे रंग मला मनापासून आवडतात, हे कबूल केलेच पाहिजे. निळ्या सदऱ्यावर पांढऱ्या चांदण्या, पिवळ्यावर काळे पट्टे, हिरव्या अंगाला तांबड्या बाह्या, चौकडीची टोपी! पैठणीच्या दुकानात आमच्या घरच्या मंडळींचे जे होते, तेच माझे पॅडॉकच्या कठड्याशी होते. पाय हलत नाही.

हा नाद मला लावला तो आमच्या शेजारच्या अप्पांनी. आम्ही राहतो दिंडोशीला, आरेच्या झाडीच्या कडेला. अप्पा जिन्यासमोरच्या खोल्यांत राहतात. पुण्याला तबेल्यात मोतद्दाराच्या पोटी जन्म, बाराव्या वर्षी घोड्यावर आणि विसाव्या वर्षी शर्यतीत. गळपट्टीचे हाड तीनदा मोडले आहे. पावसाळ्यात ते हवामान खात्याच्या आधी बोलू लागते. आता अप्पा मोबाइलवर शर्यती पाहतात आणि आमची आठ वर्षांची नात त्यांच्या शेजारी बसून रंगांवरून आपला घोडा निवडते. अप्पा पडद्याकडे नुसते पाहून सांगतात, हा सदरा अमक्या घराण्याचा, तो तमक्या शेटजींचा, हे ठिपके पूर्वी त्यांच्या वडिलांचे होते. साठ वर्षांचे रंग त्यांना तोंडपाठ आहेत.

गेल्या फेब्रुवारीत डर्बीच्या दिवशी नातीने विचारले, "अप्पाआजोबा, यात तुमचा रंग कोणता?"

अप्पा हसले. "माझा? माझा कुठला गं रंग? मी सगळ्यांचे घातले."

मग त्यांनी कपाटातून एक छायाचित्र काढून दाखवले. त्यांनी जिंकलेल्या एका मोठ्या शर्यतीचे. घोड्याचा लगाम धरून मालक चालले आहेत, शेजारी मालकीणबाई, मागे ट्रेनर. मालकांची हॅट तुऱ्यासकट आली आहे. घोड्याचे दोन्ही कान आले आहेत. आणि खोगिरावर बसलेले अप्पा हनुवटीपासून वर कापले गेले आहेत. छायाचित्रकाराला सगळे एका चौकटीत बसवायचे होते. कुणाला तरी कापणे भाग होते. सदरा मात्र पुरा दिसतो. खाली मालकांचे नाव आहे, घोड्याचे आहे, ट्रेनरचे आहे. अप्पांचे नाही.

वाचकहो, माझे भांडण इथून सुरू झाले.

हे रंग आले कुठून? १७६२ साली इंग्लंडात न्यूमार्केट येथे जॉकी क्लबच्या एकोणीस घोडेमालकांनी आपापले रंग नोंदवले. हेतू सरळ होता. दुरून घोडा ओळखता यावा आणि निकालावरून तंटे होऊ नयेत. त्यातला डेव्हनशायरच्या ड्यूकचा पेंढ्यासारखा पिवळा रंग आजही त्याच घराण्याकडे आहे. इंग्लंडच्या राजघराण्याचा जांभळा सदरा, सोनेरी गोफ, तांबड्या बाह्या आणि काळी मखमली टोपी जगभर ओळखतात. पण लक्षात घ्या, ही सोय होती. सोयीचा मान झाला आणि मान गेला सगळा धन्याकडे. ज्या क्लबाचे नावच 'जॉकी', त्याने रंग वाटले ते मालकांना!

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये अठ्ठावीस हजार गिनी मोजून एक शिंगरू घेतले, त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले आणि त्या 'सयाजीराव' घोड्याने १९४७ साली इंग्लंडातली सेंट लेजरची शर्यत जिंकली. मराठी मनाला गुदगुल्या करणारी गोष्ट! राजपिपळ्याच्या महाराजांच्या 'विंडसर लॅड'ने तर १९३४ साली एप्सम डर्बी मारली. हे अभिमानाने सांगणाऱ्या दहा जणांना विचारा, घोड्यावर कोण होते? सयाजीरावावर एडगर ब्रिट आणि विंडसर लॅडवर चार्ली स्मर्क. दहांतला एक सांगेल की नाही, शंका आहे. आमच्याच पांडू खाड्यांचे, वसंत शिंद्यांचे नाव आज शर्यतीच्या दर्दी माणसांबाहेर कोण घेतो?

आपल्या भाषेला हा भेद नवा नाही. शिवकालात ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. घोडा दुसऱ्याचा असला तरी मान आपलाच जायची, हे बारगीर जाणून होता. जॉकी हा आजचा बारगीर. फरक एवढाच की बारगीर राज्यासाठी लढला आणि जॉकी शेटजींच्या कपाटातल्या चषकासाठी.

आता आक्षेप येतील. पहिला असा की, घोडा मालकाचा, खर्च मालकाचा, तर रंग कुणाचा असावा? मान्य. दाणागोटा, नालबंदी, ट्रेनर, पशुवैद्य सगळे मालक पोसतो. पण रंगमंदिर बांधणाऱ्याचे नाव दारावर असते, म्हणून नटाच्या तोंडावर कुणी ते रंगवीत नाही.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा. रेसबुकात जॉकीचे नाव छापतात, आणखी काय हवे? छापतात खरे. पण सज्ज्यातून रेसबुक पळताना दिसत नाही, सदरा दिसतो. शेवटच्या फर्लांगात हजारो माणसे ओरडतात ती घोड्याचे नाव किंवा रंग.

तिसरा आक्षेप सोवळ्यांचा. हा सारा जुगार, त्यातल्या मानापमानाशी आम्हांला काय करायचे? त्यांना मी सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ सालचा निकाल दाखवीन. घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे, असे न्यायालयाने लक्ष्मणन् खटल्यात ठरवले. मी विचारतो, कौशल्य कुणाचे? धनादेशावर सही करण्याला न्यायालयाने कौशल्य म्हटलेले नाही. घोड्याची दौड आणि स्वाराचा हात यांच्या जोरावर हा खेळ कायद्याने उभा आहे. म्हणजे ज्याच्या मनगटावर मैदान टिकले, त्याच्याच अंगावर स्वतःचे असे चिंधीभर कापड नाही!

मैदानाच्या जमिनीवरून केवढे वाद झाले ते आठवा. भाडेपट्टा २०१३ साली संपला. २०२४ मध्ये १२० एकर बागेला आणि ९१ एकर शर्यतींना अशी वाटणी ठरली. बाग हवी की घोडे हवेत, यावर रकानेच्या रकाने छापले गेले. त्यांत जॉकीचा शब्द माझ्या तरी वाचनात आला नाही. १९७९ साली महालक्ष्मीच्या शर्यतीत पडून कार्ल उम्रीगर हा तरुण जॉकी गेला. विशीही उलटली नव्हती. त्याच्या नावे पुढे चषक ठेवला गेला, हे बरेच झाले. पण नाव लागायला मरावे लागावे काय?

आमच्या दिंडोशीला लागूनच १९७७ साली उभी राहिलेली चित्रनगरी आहे. तिथे नायकाचे कपडे घालून भलताच माणूस घोडा फेकतो आणि टाळ्या नायकाला पडतात. तिथे निदान सगळ्यांना ठाऊक असते की, ते खोटे आहे. शर्यतीच्या मैदानावर तर सारे खरे असते. पडणेसुद्धा.

नुसते रडगाणे गाण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. माझी मागणी फार लहान आहे. सदरा धन्याचा राहू द्या. त्या चांदण्या, ते पट्टे पुसले तर मलाच चुकल्यासारखे होईल. फक्त टोपी जॉकीची असू द्या! प्रत्येक जॉकीने आपला रंग, आपले चिन्ह एकदा नोंदवावे आणि तीच टोपी तो कुणाच्याही घोड्यावर बसला तरी आयुष्यभर डोक्यावर असावी. गोंधळ होईल म्हणता? उलट कमी होईल. आज एकाच मालकाचे दोन घोडे पळतात तेव्हा दुसऱ्याला टोपी बदलूनच ओळखावे लागते. दोन स्वारांच्या टोप्या मुळातच वेगळ्या असल्या, की ती यातायात उरत नाही. आणि मी काही जगावेगळे मागत नाही. अमेरिकेत दुचाकी गाडी जोडून दुडक्या चालीने घोडे पळवतात, तिथे हाकणारे स्वतःचेच रंग घालतात. जपानात मध्यवर्ती शर्यतींत मालकाचे रंग, पण प्रांतोप्रांतीच्या शर्यतींत जॉकी स्वतः नोंदवलेला पोशाख घालतो. तिथे कुठे आभाळ कोसळलेले नाही.

आजवर आपण जॉकीला टोपी घातली ती दुसऱ्याच अर्थाने. आता खऱ्या अर्थाने घालू या.

हे सगळे मी अप्पांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भाऊ, क्लबवाले ऐकायचे नाहीत." नात मध्येच म्हणाली, "ते राहू द्या. यंदा दारात मी तुमच्या टोपीची रांगोळी काढणार आहे. रंग सांगा." अप्पा विचारात पडले. चार दिवसांनी पुन्हा विचारले तेव्हा म्हणाले, "वसुबारसेपर्यंत थांब गं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

रांगोळीचे सगळे डबे तिने तेव्हापासून उघडून ठेवले आहेत.