जहाजावरचा शेवटचा दिवस

२०२१ साली ‘कॉर्डेलिया’च्या मुंबईहून गोवा-लक्षद्वीप सहली सुरू झाल्या. आता नांदेड-लातूरची कुटुंबेही आजी-आजोबांना समुद्र दाखवतात. आनंद आहे! परंतु शेवटच्या दिवशी ‘पैसे वसूल’ म्हणून जेवणावर ताव मारणे मला पटत नाही. तो दिवस विश्रांतीचा असावा. बहुतेक जहाजांवर मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच गोळा करतात. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन हातपिशवीतच ठेवावे. पुढे देवगिरी किंवा लातूर एक्सप्रेसची रात्र असते. उतरल्यावर जमीन डोलते, ते बहुधा एक-दोन दिवसांत थांबते. पण ‘बोट लागली असेल’ म्हणत म्हाताऱ्यांची चक्कर अंगावर काढू नये. रक्तदाब, साखर तपासावी. त्यांच्या गोळ्या मोजणे हे सहल काढणाऱ्या मुला-सुनांचेच काम आहे.