निरुपायाची पळवाट

सूडाच्या कथांविषयी, आणि विशेषतः ज्यांना मानसशास्त्रीय भयकथा म्हणतात त्यांच्याविषयी, आमच्या सुशिक्षित वर्गात एक मत रूढ होऊ पाहत आहे. ते असे की, अशा कथेचा नायक एका अशक्य नैतिक पेचात सापडलेला असतो. काहीही केले तरी पाप चुकत नाही. तेव्हा त्याला दोष देणे हा वाचकाचा अडाणीपणा होय. परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या एका बैठकीत परवा हेच मत मोठ्या आवेशाने मांडले गेले, आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्हांस ते साफ नामंजूर आहे. पेच अशक्य होईपर्यंत कोणीतरी तोंड मिटून बसलेले असते, आणि अशा कथेतील खरे भय त्या मौनात असते, असे आमचे म्हणणे आहे.

बैठकीत उदाहरण निघाले ते ग्रीक दिग्दर्शक योर्गोस लँथिमोस यांच्या 2017 सालच्या ‘द किलिंग ऑफ ए सेक्रेड डिअर’ या चित्रपटाचे. स्टीव्हन नावाचा एक नामांकित हृदयशल्यविशारद. त्याच्या शस्त्रक्रियेत एक रोगी दगावतो. त्या रोग्याचा किशोरवयीन मुलगा मार्टिन पुढे डॉक्टरांना बजावतो की, तुम्ही माझ्या घरचे एक माणूस मारलेत, आता आपल्या घरचे एक माणूस स्वतःच्या हाताने मारा. नाहीतर तुमची बायको आणि दोन्ही मुले एकामागून एक मरतील. प्रथम पाय लुळे पडतील, मग अन्न नकोसे होईल, मग डोळ्यांतून रक्त येईल आणि शेवटी मृत्यू. आणि तसे घडू लागते. आमचे मित्र विचारीत होते, “सांगा, तुम्ही काय केले असते?”

प्रश्न मोठा बिनतोड वाटतो. पण तो विचारणारा कथा मधूनच वाचू लागतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी हा डॉक्टर मद्य घेऊन आला होता. ही गोष्ट त्याने मार्टिनला सांगितलेली नाही. त्याऐवजी तो त्या पोराला जेवू घालतो, भारी घड्याळ भेट देतो, म्हणजे कर्जाची कबुली न देता गुपचूप व्याज भरीत राहतो. पत्नीने विचारता तो म्हणतो की, थोडे घेतले होते, पण त्याचा परिणामाशी संबंध नाही. शस्त्रवैद्याच्या हातून रोगी मरत नाही, मरतो तो भूल देणाऱ्याच्या हातून, असे त्याचे तत्त्वज्ञान; आणि भूल देणारा स्नेही हेच तत्त्वज्ञान उलटे करून सांगतो! आपल्या भाषेत यासाठी फार जुना शब्दप्रयोग आहे: नरो वा कुंजरो वा.

तो प्रयोग ज्या प्रसंगातून आला, तोही सूडाचाच उगम आहे. धर्मराजाच्या त्या अर्ध्या सत्याने द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले आणि धृष्टद्युम्नाने त्यांचा शिरच्छेद केला. त्याचे उत्तर सौप्तिकपर्वात मिळते. काळोख्या रात्री झोपलेल्या कावळ्यांवर झडप घालणारे घुबड पाहून अश्वत्थाम्याला युक्ती सुचते. कृपाचार्य त्याला आज झोप, उद्या वडीलधाऱ्यांना विचार, असे परोपरीने विनवितात. तो ऐकत नाही. झोपलेल्या शिबिरात शिरून तो धृष्टद्युम्नाला मारतो, त्याबरोबर द्रौपदीच्या पाचही पुत्रांना. आणि पुढे त्याचे अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भावर जाते. अर्धसत्य बोलले थोरल्यांनी, किंमत मोजली जन्मलेल्या आणि न जन्मलेल्या मुलांनी. चित्रपटातही तेच. बाप डोळ्यांवर टोपी ओढून, बंदूक घेऊन गरगर फिरतो आणि नेम न धरता गोळ्या झाडतो. मरतो त्याचा लहान मुलगा. त्याआधी हाच बाप शाळेत जाऊन दोन मुलांतले अधिक चांगले कोणते, असे विचारून आलेला असतो! स्वतः निवड करण्याचे टाळून त्याने ती दैवाच्या नावे टाकली, आणि आमचे मित्र त्याला निरुपाय म्हणतात.

चित्रपटाच्या नावामागे असलेल्या ग्रीक कथेतही हेच दिसते. युरिपिडीस याचे ‘ऑलिसमधील इफिजेनिया’ हे नाटक इसवी सनापूर्वी 405 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. वारा पडल्याने अडकलेल्या आरमारासाठी अगामेम्नॉन आपल्या मुलीला अकिलिसशी लग्नाच्या खोट्या निमित्ताने बोलावतो. मग पस्तावतो, येऊ नको असे दुसरे पत्र पाठवितो, ते भाऊ मेनेलाउस मध्येच हिसकावतो. पुढे तोच भाऊ द्रवून बळी नको म्हणतो, तेव्हा हा राजा म्हणतो की, आता इलाज नाही, सैन्य ऐकणार नाही! दार उघडलेले दिसताच त्याने स्वतः ते लोटून घेतले.

कोणी म्हणेल, कबुली दिल्याने शाप टळला असता काय? कदाचित नसता. कबुली हे शाप उतरविण्याचे औषध आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण कर्ज कोणाचे हे तरी ठरले असते, आणि ते मुलांच्या नावावर चढले नसते. इस्किलसच्या नाट्यत्रयीत याच अगामेम्नॉनच्या घराण्यातील सूडाची साखळी थांबते ती अथेन्सच्या न्यायासनापुढे, आणि तेथे ओरेस्टीस आईला मारल्याचे नाकारीत नाही. आणि सूड सोडणेही अशक्य नाही. पाच पुत्र गमावलेली द्रौपदी प्रथम अश्वत्थाम्याचे प्राण मागते, आणि अखेरीस गुरुपुत्र म्हणून त्याच्या मस्तकीच्या मण्यावर समाधान मानते. तिच्याहून मोठा पेच त्या डॉक्टरापुढे होता, असे कोण म्हणेल?

हे सारे आम्ही उंचावर बसून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या मेजावर आले होते. त्यातील एक दाखला आमच्याच हातून दुसऱ्या फाईलीत लागला. आम्ही टिपण लिहिले की, दाखल्याअभावी पुढील कार्यवाही शक्य नाही. वाक्यात खोटे काही नव्हते. ती बाई चार महिने खेटे घालीत राहिली, बरोबर शाळकरी मुलगा असे. दाखला सापडला तेव्हा आम्ही तो मुकाट्याने जागी लावला. चूक कोणाची हे कोणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. तो मुलगा आमच्याकडे टक लावून पाहत असे, एवढे मात्र आठवते.

म्हणून बैठकीतील मित्रांना आमचे इतकेच सांगणे आहे. तुम्ही काय केले असते, हा प्रश्न बंदूक हाती आल्यावर विचारू नका. तो शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा. तेव्हा त्याचे उत्तर अवघड होते, अशक्य नव्हते. चित्रपट पाहताना त्या पोराच्या शापाने आम्ही फारसे दचकलो नाही. थोडे घेतले होते, पण संबंध नाही, हे डॉक्टरचे शांत बोलणे ऐकून मात्र दचकलो, कारण तो आवाज आमच्या ओळखीचा होता.