बीजगणिताच्या तासाची मराठी

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्यानिमित्ताने जुन्या शिलालेखांची आठवण पुन्हा निघाली. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा लेख एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, निदान परीक्षेपुरता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापला, त्याचा हा लेख. मठाला लावून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील त्यात मराठीत आहे. म्हणजे आपल्या भाषेच्या आरंभीच्या लेखी नमुन्यांपैकी एक गणिताच्या अध्यापनाची सोय लावण्यासाठी कोरला गेला. आपण त्यातली विभक्तिरूपे तेवढी शिकवतो.

त्याच मराठीला आज गणिताच्या तासाला मज्जाव आहे. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मराठी शाळांच्या पाट्यांवर ‘सेमी इंग्रजी’ ही अक्षरे दिसतात आणि स्टेशनालगतच्या क्लासांचे फलक तीच ग्वाही देतात. पहाटेची लोकल गाठणाऱ्या पालकांना मी दोष देणार नाही. पुढे सारे इंग्रजीतच आहे, हा त्यांचा हिशेब व्यवहाराचा आहे. माझा वाद साहित्याच्या अध्यापकांशी आहे. दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आले तेव्हा, २०१९ साली, भाषेची मोडतोड झाली म्हणून आपण कंठरव केला. नववीतली ‘करणी’ गेली तेव्हा मात्र कोणाला चाहूलही लागली नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की करणी काय आणि सर्ड काय, मुलांना दोन्ही शब्द परकेच. मान्य. करणी म्हटल्यावर मुलाला आधी लिंबू-मिरची आठवते, हेही मान्य. संज्ञा हव्या तर इंग्रजी घ्या. प्रश्न वाक्याचा आहे.

अपूर्णांक घातांक पाहा. ८ चा दोन-तृतीयांश घात म्हणजे ‘८ च्या वर्गाचे घनमूळ’ किंवा ‘८ च्या घनमुळाचा वर्ग’. पहिल्या वाटेने ६४ चे घनमूळ ४, दुसऱ्या वाटेने २ चा वर्ग ४. आता ही दोन पदे पुन्हा वाचा. ज्या क्रमाने शब्द येतात त्याच क्रमाने कृती करायची आहे: आधी ८, मग त्याचा वर्ग, मग त्याचे घनमूळ. आपल्या षष्ठीने कृतीचा क्रम वाक्यातच मांडून दिला आहे. इंग्रजीत हीच साखळी उलटी, शेवटच्या कृतीपासून उच्चारावी लागते. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते त्याच्या हातून हे आयते साधन आपण काढून घेतो. व्याकरणाच्या तासाला षष्ठीचे प्रत्यय मात्र घोकून घेतो!

‘लीलावती’तला भुंग्यांचा प्रश्न घ्या. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, सगळ्या थव्याचे आठ-नवमांशही गेले. उरला तो सुगंधाला भुलून रात्री कमळात अडकलेला एक भुंगा आणि बाहेर त्याच्या गुंजारवाला साद देणारी भुंगी. थवा केवढा? शृंगारकाव्यातली विरहिणी आणि करणीचे समीकरण एकाच श्लोकात नांदतात, यात ११५० च्या सुमारास कोणाला विसंगती वाटली नव्हती. (अंबरनाथचे शिवमंदिर त्या वेळी नव्वद वर्षांचे होते.)

वर्गमूळ एका बाजूला ठेवून दोन्ही बाजूंचा वर्ग केला की दोन उत्तरे मिळतात: ७२ आणि साडेचार. साडेचार भुंगे नसतात म्हणून दुसरे टाकून द्यावे, असे कोणी म्हणेल. तो आळस झाला. ताळा करून पाहा. साडेचारच्या निम्म्याचे वर्गमूळ दीड, आठ-नवमांश चार, वरचे दोन, बेरीज साडेसात. जमत नाही. ७२ ला मात्र सहा, चौसष्ट आणि दोन नेमके जुळतात. खोटे उत्तर आले कुठून? वर्ग करताना धन आणि ऋण यांतला भेद पुसला गेला, तिथून. प्रत्येक पायरी नियमाने टाकूनही निष्कर्ष चुकीचा निघू शकतो, म्हणून शेवटी मूळ विधानाकडे परतावे लागते: ही गोष्ट सांगायला ‘जर’, ‘तरी’, ‘म्हणून’, ‘परंतु’ लागतात. ‘दोन्ही साइड स्क्वेअर करा’ एवढ्याने ती सांगता येत नाही. आणि सेमीच्या वर्गात बहुधा एवढेच उरते. फळ्यावर इंग्रजी, तोंडी मोडकी मराठी, आणि कारण सांगणारे अखंड वाक्य वहीत कोणत्याच भाषेत नाही. मग हाच विद्यार्थी आपल्याकडे पदवीला येतो आणि त्याच्या निबंधात युक्तिवाद नाही म्हणून आपण हळहळतो.

फाळणीनंतर उल्हासनगरात विस्थापित सिंध्यांनी आपल्या भाषेच्या शाळा काढल्या. सिंधी तिथे आजही घरात, बाजारात, भजनात ऐकू येते. माध्यम म्हणून ती ओसरत गेली. हे उदाहरण शेजारच्याच स्टेशनावर असताना आपण अभिजाततेचे हारतुरे घेत बसलो आहोत.

मराठीच्या अभ्यासमंडळांकडे म्हणून एक मागणी. ‘वैचारिक गद्य’ या सदराखाली तेच ते उतारे नेमण्याऐवजी एका वर्षी बालभारतीच्या नववीच्या पुस्तकातले ‘वास्तव संख्या’ हे प्रकरण नेमा. त्यातल्या ‘छेदाचे परिमेयीकरण’ या भागावर वाक्यरचनेच्या अंगाने दहा गुणांचा प्रश्न काढा. उत्तरपत्रिका मात्र आपणच तपासायच्या.