खाती किती उघडली आणि ती चालवतं कोण?

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची परदेशी मदत देणारी संस्था ‘यूएसएड’ बंद झाली आणि तिची उरलीसुरली कामे तिथल्या परराष्ट्र खात्याकडे गेली. ही बातमी आपल्याकडेही गाजली. मात्र त्याआधी, फेब्रुवारीत आलेली एक बातमी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. याच पैशावर १९८४ पासून ९० हून अधिक देशांत चाललेला ‘डीएचएस’ हा लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणाचा कार्यक्रम तेव्हा थांबवण्यात आला. मुलीचे लग्न कितव्या वर्षी झाले, घरखर्चाचा निर्णय कोण घेते, नवरा मारतो का, असे प्रश्न ही सर्वेक्षणे विचारत. आपले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच घराण्यातले. पुढे काही देणगीदारांनी कामाचा थोडा भाग सावरला. पण बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेला ३० वर्षे पूर्ण झाली त्याच वर्षी मोजदादीवर गदा यावी, हे बरे लक्षण नव्हे.

पैसा आटला की प्रश्न येतो : आजवर स्त्री-पुरुष समानतेवर एवढा खर्च झाला, त्याचे झाले काय? प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की, बऱ्याच अहवालांत उत्तर म्हणून फक्त संख्या असते. इतक्या महिलांना प्रशिक्षण दिले, इतके बचत गट स्थापले, इतकी कर्जे वाटली.

या संख्यांची गंमत आम्ही बँकवाल्यांनी जवळून पाहिली आहे. २०१४ मध्ये जनधन योजना आली तेव्हा शाखेला टार्गेट असे आणि संध्याकाळी वरिष्ठ कार्यालयाला आकडा कळवावा लागे. शिबिरात बायका अंगठा देत, फोटो चिकटवला जाई, आणि पासबुक घ्यायला हात पुढे येई तो नवऱ्याचा. आम्हीही ते त्याच्याच हातात देत होतो. रांग मोठी असे आणि आकडा गाठायचा असे. ‘हे खाते कोण चालवणार?’ असा रकाना कोणत्याच फॉर्मवर नव्हता. असता तरी आम्ही तो खरा भरला असता का, याची आज खात्री देता येत नाही.

हा रकाना नसला तर काय होते, ते हैदराबादच्या अभ्यासात दिसते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १०४ वस्त्या निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांतल्या ५२ वस्त्यांत महिलांसाठी छोट्या कर्जाची शाखा आधी उघडली आणि उरलेल्यांत नंतर. दीड वर्षाच्या आसपास तुलना केली तेव्हा कर्ज घेणारी घरे वाढली होती, धंद्यातली गुंतवणूकही थोडी वाढली होती. पण मुलांचे शिक्षण, आरोग्य आणि घरात बाईच्या शब्दाला असलेले वजन, यांत ठळक फरक सापडला नाही. वसुलीचा तक्ता पाहून हे कधीच कळले नसते.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. २०१३ च्या सुमारास रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि इतर संशोधकांनी ग्वाल्हेर, मुरैना, श्योपूर आणि शिवपुरी या चार जिल्ह्यांतल्या १९७ ग्रामपंचायतींत प्रयोग केला. रोजगार हमीच्या कामावर बाई राबली तरी तिची मजुरी सहसा नवऱ्याच्या खात्यात जमा होत असे. काही ठिकाणी बाईचे नुसते खाते उघडून दिले. काही ठिकाणी ते खाते कियोस्कवर कसे वापरायचे हेही शिकवले. काही ठिकाणी मजुरी थेट तिच्या खात्यात वळवली, आणि काही ठिकाणी तिन्ही गोष्टी एकत्र केल्या. नुसत्या खात्याने फारसे काही बदलले नाही. तिन्ही गोष्टी मिळाल्या तिथे बायका सरकारी कामावरही जास्त गेल्या आणि बाहेरच्या कामावरही. बायकोने काम करणे नवऱ्याला पसंत नव्हते, अशा घरांतल्या बायकांत हा फरक सर्वांत जास्त दिसला. म्हणजे शिबिरात आम्ही ज्या टप्प्यावर थांबत होतो, खरे काम तिथून पुढे सुरू होत होते.

दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातही असाच अनुभव आला. तिथे गरीब बायकांना कर्जे दिली आणि हप्ता भरण्याच्या बैठकीतच हिंसा, नवरा-बायकोचे नाते आणि एचआयव्ही यांवर चर्चासत्रे घेतली. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार जोडीदाराकडून होणारी मारहाण दोन वर्षांत ५५ टक्क्यांनी कमी झाली. गावातल्या तरुणांमधली एचआयव्हीची लागण मात्र कमी झाली नाही, आणि तेही त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढच्या तुलनेत असे दिसले की नुसत्या कर्जाने घरची स्थिती सुधारते, मारहाण मात्र चर्चेची जोड असल्याशिवाय कमी होत नाही. न जमलेली बाजू अहवालात मांडणे ही आमच्या मते चांगल्या मूल्यमापनाची पहिली खूण.

अर्थात असे अभ्यास खर्चिक असतात आणि लहान संस्थांना ते झेपत नाहीत. त्यात धोकाही आहे. नवऱ्यासमोर बाईला मारहाणीबद्दल विचारले, तर रात्री त्याची किंमत तीच मोजते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच अशा पाहणीसाठी सुरक्षिततेचे नियम घालून दिले : एकांतात विचारा, गुप्तता पाळा, मदत कुठे मिळेल ते सांगा. एवढी तयारी नसेल तर तो प्रश्न न विचारलेलाच बरा.

तरी तीन साध्या गोष्टी कोणत्याही संस्थेला जमतील. काम सुरू करण्याआधीची स्थिती नोंदवून ठेवावी. कार्यक्रम न मिळालेल्या अशाच बायकांशी तुलना करावी. आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा जाऊन विचारावे. ऑडिटमध्येही आम्ही हेच करत होतो, कर्ज दिले त्या दिवशीच्या कागदांवर न थांबता पुढे तारण जागेवर आहे का ते पाहत होतो.

हा विषय परदेशी मदतीपुरता नाही. आपल्या राज्यात लाडली बहना आणि महाराष्ट्रात लाडकी बहीण, दोन्हीकडे दरमहा रक्कम बाईच्या स्वतःच्या खात्यात जाते. लाभार्थी किती, हे जाहिरातीत छापून येते. त्यांपैकी किती जणी स्वतः पैसे काढतात आणि स्वतःच्या मनाने खर्च करतात, हे त्या आकड्यात नसते. मंडळातले अनेक सभासद महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देणग्या देतात. यंदा पावती घेताना ‘किती बायकांना मदत केली?’ यासोबत ‘वर्षभराने त्यांच्याकडे कोण गेले होते, आणि काय दिसले?’ हेही विचारावे. आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचे एटीएम कार्ड कोणाकडे असते, हे त्यांना एकटीला गाठून, सहज बोलता बोलता विचारून पाहावे. कियोस्कवर सोबत जायला आपल्यापैकी निवृत्त मंडळींकडे वेळ आहे.