पेढे वाटू आणि निवेदनही देऊ

२५ जुलै जवळ आली की आपल्या बैठकांमध्ये एक जुना वाद पुन्हा डोकं वर काढतो. २००७ साली याच तारखेला जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. २०२२ साली याच तारखेला ओडिशातल्या संथाळ आदिवासी द्रौपदी मुर्मू यांनी घेतली. एकीला काँग्रेसने उभं केलं, दुसरीला भाजपने. दोन्ही वेळा आपल्यातल्या कितीतरी जणींनी नाकं मुरडली. ही त्यांची बाई, आपली नव्हे, मग आपण कशाला आनंद मानायचा?

मैत्रिणींनो, प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर म्हणून तोंड फिरवून बसणं मला मुळीच मान्य नाही.

मतभेद आहेत, ते लपवायचं कारण नाही. उमेदवारी जाहीर झाल्यावर प्रतिभाताईंनी पडदा पद्धतीचा संबंध मुघलांच्या आक्रमणाशी जोडला. इतिहासकारांनी आणि मुस्लिम संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला, तो योग्यच होता. त्यांच्या नावाने जळगावात निघालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केला. बायकांच्या नावाच्या बँकेचं असं व्हावं, याची बोच आपल्याला इतरांपेक्षा जास्त. मुर्मूताईंचा पक्ष आणि आपलं राजकारण तर दोन टोकांना. २०२३ साली मणिपूरमध्ये बायांची विटंबना झाली तेव्हा राष्ट्रपती भवनाकडून खणखणीत शब्द यावा असं आपल्याला वाटत होतं. तो आला नाही.

एवढं सगळं मान्य. तरीही शपथविधीचा दिवस त्या पक्षांना आंदण द्यायचा का?

'रबर स्टॅम्प' हा शब्द घ्या. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं हे घटनेतच आहे. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणीच्या कागदावर रातोरात सही झाली, ती पुरुषाची होती. त्यावरून पुरुष या पदाला नालायक आहेत असं कुणी म्हटलं नाही. बाई त्या खुर्चीत बसली की मात्र खुर्चीची मर्यादा बाईची मर्यादा ठरते, आणि आपण डाव्या-पुरोगामी बायासुद्धा त्या सुरात सूर मिसळतो. वास्तविक प्रतिभाताई १९६२ साली, सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून आमदार झाल्या. पुढे एदलाबादमधून अनेकदा निवडून आल्या, मंत्री झाल्या, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. एवढ्या कारकिर्दीच्या पुरुषाला कुणी शोभेची बाहुली म्हणालं असतं का? आणि मुर्मूताईंनी झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ साली, आदिवासींच्या जमिनींच्या कायद्यांत बदल करणारी विधेयकं परत पाठवली होती, तीही आपल्याच पक्षाच्या सरकारला. शिक्क्याला परत पाठवता येत नाही.

आपल्या खानदेशाला या दिवसाचं मोल वेगळं आहे. १९९४ साली जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं जळगावची मुलगी म्हटलं की समोरच्याची नजर बदलायची. तक्रार द्यायला पुढे येणाऱ्या मुलींना बदनामीची भीती, आणि गुन्हेगारांना मात्र ओळखी-पाळखी. त्याच जिल्ह्याचं नाव तेरा वर्षांनी दिल्लीत वेगळ्या कारणाने घेतलं गेलं. ज्या मुलींनी ती वर्षं मान खाली घालून काढली, त्यांना त्या दिवशी आनंद वाटला असेल तर 'पण तिचं राजकारण' म्हणून तो आनंद खुडणाऱ्या आपण कोण?

अर्थात दुसऱ्या बाजूलाही सुनावलं पाहिजे. 'आता बाई राष्ट्रपती झाली, आणखी काय पाहिजे तुम्हाला?' असं आपल्याला गावोगाव ऐकवलं गेलं. जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२ उरल्या. मधल्या काळात याच जिल्ह्याची लेक राष्ट्रपती भवनात होती. सोनोग्राफीच्या खोलीत त्या शपथेचा आवाज पोचला नाही. हे आकडे आपण सांगायचे, पण पेढ्याचा डबा हातात असताना सांगायचे. रुसून बसलेल्या बाईचं कुणी ऐकत नाही, हा माझा तरी अनुभव आहे.

धुळ्यात २०२२ चा दिवस आणखी जवळचा. साक्री-शिरपूरच्या पाड्यांवर भिल्ल, पावरा, कोकणा बाया राहतात. १९७२-७३ साली शहाद्यात, तेव्हा तो धुळे जिल्ह्यातच होता, आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. आपल्या चळवळीच्या मुळाशी त्या बाया आहेत, त्यांच्यावर आपण लेख लिहिले, शिबिरं घेतली. त्यांच्यासारखी एक बाई देशाच्या सर्वोच्च पदावर बसते आणि आपण पक्षाचा बिल्ला तपासत बसतो, हे पाड्यावरच्या बाईला कसं समजावणार? ती म्हणेल, तुमच्या भांडणात माझा दिवस का घालवता?

आणि आपली उमेदवार नव्हतीच असंही नाही. २००२ साली डाव्यांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं केलं होतं. आझाद हिंद फौजेतल्या झाशीची राणी पलटणीच्या त्या प्रमुख. त्या हरल्या. आपल्या पसंतीची बाई जिंकेपर्यंत थांबायचं ठरवलं तर किती पिढ्या थांबायचं?

ज्यांनी आनंद मानला त्यांनाच हक्काने जाब विचारता येतो. २०२२ मध्ये शपथेनंतर काही दिवसांतच काँग्रेसच्या एका खासदाराने 'राष्ट्रपत्नी' हा शब्द वापरला, पुढे माफीही मागितली. त्यावर संतापायला भाजपच्या बायांच्या आधी आपण उभं राहायला हवं होतं. २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं, राष्ट्रपती समारंभाला नव्हत्या. तेव्हाही हा अपमान आपलाच होता.

पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. कोण येईल ते येवो. या २५ जुलैला मात्र जिल्हाधिकारी कार्यालयासमोर पेढे वाटू आणि तिथूनच राष्ट्रपतींच्या नावे निवेदन देऊ. पहिला मुद्दा वनहक्काचा : २००६ च्या कायद्यानुसार पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा, तर किती पट्ट्यांवर बाईचं नाव आहे याची गाववार यादी द्या. दुसरा मुद्दा सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीचा. तिसरा, ज्या महिला आरक्षणाच्या विधेयकावर सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, त्याला जनगणनेची आणि मतदारसंघ फेररचनेची अट का, हा. मसुदा शहरातल्या आपण चौघींनी करू नये. आधी साक्रीत वाचून दाखवू, अहिराणीत, आणि तिथल्या बाया सुचवतील ते बदल करून मगच सह्या घेऊ.