आजार हल्याला, औषध पखालीला

कुत्र्याच्या पाठीवर पांढरा भुसा दिसला की सल्ल्यांची रीघ लागते. खोबरेल चोळा. कडुनिंबाच्या पाल्यानं आंघोळ घाला. हळद लावा. रोज एक कच्चं अंडं द्या. केस भादरून टाका. शेजारी, नातेवाईक, औषधाच्या दुकानातला पोरगा, सगळ्यांकडे उपाय तयार असतो. हा कोंडा मुळात कशानं झाला, एवढा एकच प्रश्न कुणी विचारत नाही. या उलट्या क्रमाला माझा विरोध आहे. कोंडा म्हणजे कातडीच्या आत किंवा शरीराच्या आत काहीतरी बिघडल्याची खूण. ती पुसून टाकली की बिघाड दुरुस्त होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

घरगुती उपायांची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ. ते म्हणतात, गावाकडच्या कुत्र्यांना कुठं शाम्पू लागतो? तरी त्यांची कातडी तुकतुकीत असते. कडुनिंब आणि करंज पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, ते काय उगाच? आणि डॉक्टरची फी परवडायला हवी ना? यातलं काही खरं आहे. निरोगी कुत्र्याला दर आठवड्याला साबण लावायची गरज नसते. कडुनिंबात किडींना मारक द्रव्यं आहेत. पण गावातल्या तुकतुकीत कुत्र्यांचा दाखला देताना त्याच गावच्या पारावर पडलेलं, लूत भरून केस झडलेलं, कातडी हत्तीसारखी जाड झालेलं कुत्रं आपण मोजत नाही. कडुनिंब आणि करंज त्या गावातही होते. त्याला ते पुरले नाहीत, कारण त्याला काय झालंय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आता एकेक समजूत तपासू. पहिली समजूत अशी की कुत्र्याची कातडी आपल्यासारखीच, फक्त केसाळ. तिचा वरचा थर साधारण ३ ते ५ पेशींचा असतो, आपला १० ते १५ पेशींचा. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, कुत्र्याची त्या मानानं उदासीन. आपल्या डोक्यासाठी किंवा अंगासाठी बनवलेला शाम्पू, साबण, फरशी पुसायचं जंतुनाशक द्रव यांनी हा पातळ थर आणखी कोरडा पडतो आणि आग होते. मग कुत्रं खाजवतं, जास्त भुसा पडतो, म्हणून आपण आणखी धुतो. कित्येक घरांत कोंड्याचं खरं कारण हीच आठवड्याची आंघोळ असते.

दुसरी समजूत खोबरेलाची. फुटलेल्या पंजाला किंवा कोरड्या नाकाला बोटभर खोबरेल लावल्यानं कुणाचं बिघडत नाही. पण सगळ्या अंगाला चोपडलं की कुत्रं ते चाटतं आणि पोट बिघडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोंडा नेहमी कोरडाच असतो असं नाही. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कुत्र्याच्या काखेत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत मॅलेसेझिया नावाची बुरशी वाढते. कातडी चिकट होते, तिला कुबट वास येतो आणि पिवळसर पापुद्रे पडतात. ही बुरशी स्निग्धावर पोसते. तिच्यावर तेल घालणं म्हणजे आगीत तेल ओतणं. नागपूरच्या डिसेंबरमधल्या कोरड्या हवेनं पडलेला भुसा आणि कोकणातल्या जुलैमधला भुसा यांना एकच औषध कसं लागू पडेल?

तिसरी समजूत कच्च्या अंड्याची. कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं. पिवळ्या बलकात बायोटिन भरपूर असल्यानं एखाद्या पूर्ण अंड्यानं धोका होत नाही, पण नुसता कच्चा पांढरा दीर्घकाळ दिला तर बायोटिनच्या अभावानं कातडी खवलेदार होऊ शकते. ज्यासाठी अंडं दिलं तेच उलटतं. शिजवल्यावर अ‍ॅव्हिडिन निष्प्रभ होतं. म्हणजे उकडलेलं अंडं चांगलं, आणि उकडायला पाच-दहा मिनिटंच लागतात.

चौथी समजूत सर्वांत घट्ट रुजलेली: कुत्र्याला पोळी-दूध पुरतं. जीव जगतो हे खरं, पण कातडी उपाशी राहते. कातडी सतत नवी होत असते आणि निरोगी कुत्र्यात हे चक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं. एवढ्या कामाला प्रथिनं, जस्त आणि लिनोलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल लागतं. गव्हातल्या फायटेटमुळे जस्त अंगी लागत नाही, दुधातलं कॅल्शियमही त्याच्या आड येतं. जस्त कमी पडलं की डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडेला आणि पंजाच्या गादीवर जाड खपल्या धरतात. हस्की जातीत तर जस्त नीट शोषता न येण्याचा दोष जन्मजातही असू शकतो, आणि आपल्या शहरांत हौसेनं हस्की आणणाऱ्या किती जणांना हे सांगितलं जातं? लिनोलेइक आम्लाचं महत्त्वही नवं नाही. अमेरिकेत हॅन्सन आणि वीझ या दोन संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्याला पिल्लांना अत्यंत कमी स्निग्ध आहार देऊन पाहिलं. त्यांची कातडी कोरडी आणि खवलेदार झाली, आणि योग्य स्निग्धाम्ल मिळाल्यावर सुधारली.

इथवरच्या चुका बऱ्याचशा भोळेपणाच्या आहेत. पुढच्या मात्र घातक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मवाळ बोलता येत नाही. लूत लागलेल्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑइल फासणं ही क्रूरता आहे. ते कातडीतून आणि चाटल्यावर पोटातून शरीरात जातं आणि यकृताला, मूत्रपिंडाला इजा करतं. दुसरा प्रकार माणसांच्या खरजेच्या मलमाचा. या मलमांत अनेकदा जबरदस्त स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, म्हणून सगळे खूश. पण आजार डेमोडेक्स या किड्याचा किंवा बुरशीचा असेल तर प्रतिकारशक्ती दबल्यानं तो खाली वाढतच राहतो. तिसरा प्रकार गुरांच्या आयव्हरमेक्टिनचा. डोस अंदाजानं, इंजेक्शन ओळखीच्या माणसाकडून. हे औषध मोठ्या गुणाचं आहे, त्याच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण कोली आणि तत्सम मेंढपाळ जातींच्या काही कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे हेच औषध मेंदूत शिरून झटके आणतं. तो दोष २००१ मध्ये उघड झाला. इतकी माहिती हाताशी असताना अंदाजानं सुई टोचणं अक्षम्य आहे.

आणि बाजारालाही मोकळं सोडता येत नाही. चकचकीत बाटल्यांतली माशांची तेलं, हर्बल म्हणवणारे शाम्पू, चमकदार केसांची हमी देणाऱ्या गोळ्या यांची चूक तीच आहे. उपाय आधी, कारण नंतर. आजीच्या खोबरेलाला नावं ठेवून महागडी बाटली आणणारा माणूस तेच करतोय, फक्त जास्त पैसे मोजून.

मग करावं काय? आधी बघावं. कुत्र्याला ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा फडक्यावर उभं करून बारीक दातांच्या फणीनं पाठ विंचरा. खाली पडलेले काळे कण ओलसर होऊन लालसर तपकिरी पसरले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग विंचरलेला कोंडा काळ्या कागदावर घेऊन भिंगातून पाहा. पांढरे ठिपके सरकताना दिसले तर तो चेलिटिएला नावाचा किडा. कानाची कडा दोन बोटांत धरून हलकेच चोळा. मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर खरजेचा संशय घ्यावा, विशेषतः कानाच्या कडा आणि कोपरे खरखरीत झाले असतील तर. यातले चेलिटिएला आणि खरजेचे किडे माणसालाही चावतात. घरातल्या मुलाच्या हातावर त्याच सुमारास पुरळ आलं असेल, तर दोन्ही दुखणी एकाच मुळाशी जाऊन थांबू शकतात.

मग नोंद करा. कोंडा कुठे आहे, खाज आहे की नाही, कधी सुरू झाला, कुत्र्याचं वय किती, खाणं काय. पिल्लाच्या डोळ्याभोवती केस झडले पण खाज नाही, तर डेमोडेक्सचा विचार होतो. मध्यमवयीन कुत्रं जाड आणि सुस्त झालं, अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ झाले, तर थायरॉइड कमी पडलंय का ते रक्ततपासणीनं पाहावं लागतं. कॉकर स्पॅनिअलमध्ये जन्मजात सेबोरिया असू शकतो. त्यात कातडीचं तीन आठवड्यांचं चक्र सुमारे ८ दिवसांवर येतं आणि भुसा पडतच राहतो. तो बरा करता येत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो.

ही नोंद घेऊन पशुवैद्याकडे जा आणि कातडीची खरवड तपासायचा आग्रह धरा. काचपट्टी, थेंबभर तेल, पारदर्शक चिकटपट्टी आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर निम्मा उलगडा होतो. यासाठी महानगरात राहायला हवं असंही नाही. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहेच, पण तालुक्याच्या गावीही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. डॉक्टर परवडत नाही म्हणणाऱ्यांनी वर्षभरात आणलेल्या तेलांचा, साबणांचा, पावडरींचा हिशेब एकदा मांडावा. त्यातल्या बहुतेक वस्तू आजाराशी संबंध नसलेल्या निघतील. पखालीला दिलेलं औषध कितीही स्वस्त असलं तरी हल्या बरा होत नाही.

कारण सापडलं की उपाय बहुधा सरळ असतो. किड्यांवर आता तोंडानं द्यायची परिणामकारक औषधं आहेत. बुरशीला क्लोरहेक्सिडिन-मायकोनॅझोलचा शाम्पू लागतो, खवलेदार तेलकट कातडीला वेगळा, आणि निव्वळ कोरड्या कातडीला ओटचा सौम्य. शाम्पू कुठलाही असो, फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे. आपण दोन मिनिटांत धुऊन टाकतो आणि औषध लागू पडलं नाही म्हणतो. पाणी गार किंवा कोमट घ्यावं, गरम नको. शाम्पूचा अंश राहू नये, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. हस्की, पॉमेरेनियन यांसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात भादरू नये. त्यांचे केस उन्हापासूनही वाचवतात. त्यांना विंचरून मेलेले केस काढले की पुरतं.

आणि तेल हवंच असेल तर ते ताटलीत घाला. खोबरेलात लिनोलेइक आम्ल नावापुरतं असतं, करडईच्या तेलात मात्र साधारण सत्तर टक्क्यांच्या वर. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानातलं हे पीक आपल्या हातचं आहे. डॉक्टरनं सांगितलेल्या मापात रोज थोडं करडईचं तेल, जास्त नाही, नाहीतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तारली-बांगड्यातून ओमेगा-३ मिळतं. मासा शिजवून, काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय द्यावा. कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे. पोळी-दुधाच्या जागी अंडं, मांस, मासा किंवा संतुलित तयार खाणं आलं पाहिजे. एवढं करून धीर धरा. स्निग्धाम्लांचा फरक कातडीवर दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठवड्यात गुण आला नाही म्हणून नवं औषध शोधणारा माणूस मागच्या उपायाला संधीच देत नाही.

कुत्र्याला आपलं दुखणं सांगता येत नाही, पण त्याची कातडी ते रोज सांगत असते. पाळणाऱ्याचं पहिलं कर्तव्य ते वाचण्याचं आहे. पुढच्या वेळी पाठीवर भुसा दिसला की बाटलीकडे हात नेऊ नका. फणी घ्या, भिंग घ्या, ओला कागद घ्या आणि शोधा. कारण सापडेपर्यंत कुत्र्याच्या अंगाला काहीही लावू नका.